फाटकाची किल्ली आणि डोंगल

किंमत छापलेली वस्तू घ्यायची म्हटलं की मला अजूनही अपमान झाल्यासारखं वाटतं. छापील किंमत म्हणजे समोरच्याला आपल्याशी बोलायचंच नाही. म्हणून शहागंजातल्या मोबाइलवाल्यानं इंटरनेटच्या डोंगलचा डबा काउंटरवर ठेवून त्यावरच्या आकड्याला बोट लावलं, तेव्हा मी डबा उलटा करून ठेवला.

"हे राहू दे. तू बोल."

"सेठ, इसमें बोलनेका क्या है? कंपनी बोल चुकी."

"कंपनी इथं उभी हाय का? तू उभा हायेस."

तो हसला. दुकानात गर्दी होती आणि त्याला माझ्यासाठी वेळ नव्हता. "ये बकरी नहीं है सेठ, के दाँत देखके मोल करना. नक्को तो नक्को."

त्याला माहीत नव्हतं, पण आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच केलं. दात बघून मोल करायचं. मी म्हणालो, "बकरीला दात तरी असतात. याला काय हाय? लायटर हाय का पेनड्राइव्ह, तेच कळंना." मग बराच वेळ मी त्याच्या काउंटरला रेलून उभा राहिलो. मागची गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. शेवटी त्यानं वैतागून खणातनं एक लांब वायर काढली आणि डब्यावर आपटली. एका टोकाला डोंगल लावायचं, दुसरं टोक कॉम्प्युटरला. रेंज मिळेल तिथं डोंगल टांगता येतं. "ये फ्री में लो, लेकिन अब जाओ."

वायर फुकट मिळाली म्हणून मी खुशीत घरी आलो. पुढं जे झालं ते त्या वायरीमुळंच झालं.

डोंगल मला हवं होतं ते एका सौद्यासाठी. लासूर स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला माझं ड्रमचं गोदाम आहे. वाळूजच्या कारखान्यांतनं रिकामे ड्रम उचलायचे, तेलाचे वेगळे, सरबताच्या अर्काचे वेगळे, धुऊन पुसून विकायचे. मी सुरुवात केली ती लासूरच्या धान्याच्या मोंढ्यात रिकामी पोती गोळा करून. डोंगल घेतलं त्या वर्षीच्या दुष्काळात निळ्या ड्रमला असा उठाव आला की गाडीतनं उतरायच्या आत माल संपायचा. मोसंबीच्या बागा काड्या होऊन उभ्या होत्या, शहरात नळ कधी येईल ते कुणी सांगत नव्हतं, आणि शहर तर रोज एक नवी कॉलनी पुढं सरकत होतं. नव्या कॉलनीत आधी माणसं राहायला यायची, मग ड्रम, आणि पाइप कधी आलाच तर शेवटी. लोक म्हणायचे, दुष्काळ तुम्हाला लाभला. लाभला. मी नाकारत नाही. त्याआधीच्या दुष्काळानं आमचं जे नेलं त्याचा हिशोब या लोकांनी केलेला नाही.

गोदामाला लागून एक दगडी भिंतीचं आवार आहे. आत विहीर, हौद आणि एक जुना कडुलिंब. रस्त्याच्या बाजूला लाकडी फाटक, त्याच्या फळीतच बसवलेलं कुलूप. मी गोदामाची जागा घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं की रस्त्याला लागून आहे म्हणून घेतली. रस्ता होताच. पण मी ती त्या भिंतीला लागून म्हणून घेतली होती.

बहात्तर सालच्या दुष्काळात माझा बाप मेंढरं घेऊन त्या फाटकापुढं आला होता. मी बरोबर होतो, एका कोकराला खांद्यावर घेऊन. त्या वयातलं मला फार आठवत नाही, पण ते आवार आठवतं. भिंतीच्या आतल्या हौदातलं पाणी दिसत नव्हतं, पण मेंढरांना वास येत होता. ती फाटकाला डोकी लावून उभी होती. फाटकाला कुलूप होतं. बाप फाटकापुढं बसला. काठी आडवी ठेवली, तंबाखू मळली आणि बसून राहिला. बाजारात तो असाच बसायचा. आमच्याकडं सौदा टॉवेलाखाली बोटं धरून होतो, आणि एकदा बोट दाबलं की बापाचा नियम एकच होता: आता तोंड मिटायचं. जो आधी बोलला त्याचा भाव पडला. त्या दिवशी मालकाशीही तो तसाच वागला. मेंढरं दिसतायत, जीभ बाहेर पडलेली दिसतेय, मालकाला डोळे आहेत. आता मालकानं बोलावं. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसलो. आतून कुणी आलं नाही. मग बाप उठला. पुढच्या गावापर्यंत निम्मी मेंढरं पडली. उरलेली त्यानं मिळेल त्या भावाला काढली आणि लासूर स्टेशनला पाठीवर पोती वाहायला लागला. मरेपर्यंत त्यानं पुन्हा मेंढरू पाळलं नाही.

ते मालक म्हणजे गावचं कुळकर्ण सांभाळणारं घर. आता त्यांच्यातले वकील, डॉक्टर, इंजिनिअर झाले, गावात कुणी उरलं नाही. आवार त्या घरातल्या एका बाईच्या नावावर होतं. ती परदेशात. इथलं सगळं तिचा भाचा बघायचा, शहरात वकिली करणारा. तिला विकायचं आहे असं कळल्या कळल्या मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "मावशी माणूस बघितल्याशिवाय विकणार नाही. व्हिडिओवर बोलावं लागेल."

"मी काय नवरी हाय का बघायला?"

"काका, माझ्या ऑफिसात या. तिथं इंटरनेट आहे, एसी आहे. बसून निवांत बोला."

मी नाही म्हणालो. सौदा आपल्या जागेत बसून करावा. दुसऱ्याच्या पंख्याखाली बसलं की भाव तिथंच निम्मा जातो. गोदामात बायकोचा लॅपटॉप होता, कारखान्यातनं जुना आणलेला, त्यावर ती माल आला-गेला लिहायची. त्यालाच इंटरनेट जोडायचं ठरलं. गोदामापर्यंत टेलिफोनची तार आलेली नव्हती. म्हणून डोंगल.

आता ते जोडणं. दुकानदारानं फोटो घेतला, राशन कार्डाची झेरॉक्स घेतली, म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालू होईल. संध्याकाळी चालू झालं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचा फोन आला. तिनं माझं नाव विचारलं, पत्ता विचारला, जन्मतारीख विचारली.

"जन्मतारीख कशाला? मी इंटरनेट घेतलंय का इन्शुरन्स?"

"सर, व्हेरिफिकेशन आहे."

"जन्मतारीख आमच्या आईलाबी माहीत नव्हती. शाळेत मास्तरनं घातली ती सांगू का?"

बायकोनं फोन हातातनं काढून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "अहो, ती तुमच्याकडनं भाव पाडून घेत नाहीये. नुसतं विचारतीय."

सिम मी आधी उलटं घातलं. मग डोंगल उलटं घालायला गेलो. ते जाईना म्हणून जोर केला, तर बायको किंचाळली. सुलटं घातल्यावर लॅपटॉपमधनं एक आवाज आला आणि पुढं काहीच झालं नाही. मी म्हणालो, फसवलं. मी चप्पल घालून शहागंजला निघालो होतो. तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. बायकोनं वाचलं, दाबलं, पुन्हा वाचलं, पुन्हा दाबलं. एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं भरत गेली. मग 'कनेक्ट' लिहिलेलं बटण आलं. मी ते स्वतः दाबलं. खाली आलं, नो सर्व्हिस. डोंगलवर लाल दिवा.

घरी लालच. आमच्या घरामागं नवी इमारत उठली होती आणि टॉवर तिच्या पलीकडं होता. गोदामात लाल, कारण वर पत्रे. शेवटी आम्ही लॅपटॉप उचलून गोदामाबाहेर आणला, एक ड्रम पालथा घातला, त्यावर तो ठेवला, आणि ती फुकटची वायर लावून डोंगल गोदामाच्या पाटीच्या बांबूला टांगलं. लाल दिवा हिरवा झाला. जरा वेळानं निळा झाला आणि निळाच राहिला.

बायकोनं मला बोलावलं. "हे बघा."

पडद्यावर वरून काढलेला फोटो होता. आधी मला काही कळलं नाही. मातीच्या रंगाचा तुकडा, त्यात एक करडी रेघ. ती म्हणाली, "हा रस्ता." मग तिनं बोट सरकवलं आणि तुकडा जवळ आला. निळे ठिपके दिसले. ते माझे ड्रम होते. मी मान वर करून आभाळाकडं बघितलं. तिथं काही नव्हतं, नुसतं ऊन.

"आपल्याला विचारलं का कुणी, हा फोटो काढायला?"

"कुणाला विचारतील? सगळ्या जगाचा काढलाय."

मग तिनं आणखी बोट सरकवलं. दगडी भिंत आली, आणि भिंतीच्या आत विहीर. गोल, काळी. तिच्याजवळ हौदाचा लांबट चौकोन. लिंबाची सावली. त्या आवारात मी आयुष्यात पाऊल टाकलेलं नव्हतं. भिंतीवरनं डोकावलोही नव्हतो. एकदा मालक झाल्यावरच आत बघायचं असं मनाशी ठरवलं होतं. आणि ते सगळं माझ्या बायकोच्या बोटाखाली उघडं पडलं होतं, कुणाच्या परवानगीशिवाय, कुलूप तसंच असताना. माझ्या बापाला ऊन उतरेपर्यंत जे दिसलं नाही ते दिसायला तिला एक बोट लागलं. मी तिथनं उठलो आणि ड्रम मोजल्याचं नाटक करत लांब जाऊन उभा राहिलो.

बाईंची वेळ आमच्या सकाळची ठरली. तिकडं संध्याकाळ. मी धुतलेला सदरा घातला, पण लोखंडी खुर्चीवर मुद्दाम पोतं टाकून बसलो, की हा माणूस फार पैशावाला नाही असं दिसावं. बायको माझ्या शेजारी, पण चित्रात येणार नाही अशी. समोर लॅपटॉप, लॅपटॉपच्या पलीकडं भिंत आणि फाटक.

बाई आल्या. पांढरे आखूड केस, जाड चष्मा, माझ्याहून थोड्या मोठ्या. मला वाटलं होतं की रुबाबात येतील. त्यांनी आधी खुर्ची सरकवली, मग चष्मा पुसला, मग म्हणाल्या, "नमस्कार. दिसतेय ना मी?"

"दिसताय."

"तुमच्या मागे ते निळं काय आहे?"

"ड्रम. पाण्याचे."

"इतके?"

"इतकी तहान हाय, बाई. तुम्ही लई दिवसांत आल्या नाय इकडं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "लिंब आहे का अजून? दाखवता?"

मी लॅपटॉप उचलून भिंतीकडं फिरवला. वायर ताणली गेली, बांबूवरचं डोंगल हललं. मी लॅपटॉप परत माझ्याकडं वळवला, तेव्हा त्या रुमालानं नाक पुसत होत्या. मी मनात म्हटलं, ही विकणार. ज्याला झाडाची आठवण येते तो ठेवत नाही, विकून मोकळा होतो. हा माझा अनुभव आहे.

मग त्यांनी भाव सांगितला. भाव वाजवी होता. खरं तर वाजवीपेक्षा कमी होता; रस्त्याला लागून त्या काळात कुणीही त्याहून जास्त दिलं असतं. पण पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्मलेला नाही. मी निम्मा सांगितला आणि तोंड मिटलं.

बाई ऐकत होत्या. चष्म्याकडं हात गेला होता, ओठ जरासे उघडे. मला वाटलं, आता बोलतील. बोलल्या नाहीत. मीही नाही.

रस्त्यानं पाण्याचा टँकर गेला, मागं ओली रेघ सोडत. धूळ आली, बसली. बाई तशाच. हात चष्म्याशी, नजर सरळ माझ्यावर. मी बाजारात मोठमोठे बसणारे बघितले आहेत. परभणीकडचा एक व्यापारी होता, तो मिशीवर माशी बसली तरी हलायचा नाही. पण त्यालाही पापणी होती. ही बाई पापणी हलवत नव्हती. मला आधी कौतुक वाटलं. कुळकर्ण्याच्या घरची, परदेशात राहिलेली, आणि बसायला शिकली कुठं? मग घाम फुटला. ऊन थेट बांबूवर आलं होतं.

बायको कुजबुजली, "अहो, बोला की काहीतरी."

मी ओठ न हलवता म्हणालो, "गप. आता जो बोलला तो गेला."

"त्या डोळे मिटत नाहीत हो."

"तेच तर. लई पक्की हाय."

आणखी वेळ गेला. फाटक समोर दिसत होतं. त्याच जागी बाप बसला होता आणि आता मी बसलो होतो, आणि समोर त्याच घरातलं माणूस, तसंच, न बोलता. माझा राग डोक्यात चढला. चढला की मला थांबवता येत नाही, हे माझ्याशी धंदा केलेल्या कुणालाही विचारा. मी तोंडावर हात धरून बायकोला म्हणालो, की हिला वाटत असंल मी सोडून जाईन. हिला माहीत नाय. ही म्हणती त्याच्या दीडपट द्यावी लागली तरी मी देईन. घर गहाण टाकीन. पण त्या फाटकाची किल्ली घेतल्याशिवाय मी मरणार नाय. यांच्या आज्यानं आमच्या बापाला दिवसभर फाटकापुढं बसवला. पाण्याचा हौद भरलेला, आणि कुलूप. निम्मी मेंढरं वाटंत पडली. कसली माणसं ही? आजपण तशीच बघती, बघ. दगडासारखी.

बायको माझा हात ओढत होती. मी तिच्याकडं बघितलं, तर ती पडद्याकडं बघत होती.

पडद्यावर बाईंचा हात चष्म्याशी होता. ओठ तसेच, जरासे उघडे. ते हलत नव्हते. आणि त्या न हलणाऱ्या ओठांमधनं आवाज येत होता.

"मला सगळं ऐकू येतंय," बाई म्हणाल्या. "मघापासून."

मी खुर्चीवरून उठलो. का ते माहीत नाही. उठलो आणि उभाच राहिलो. भुताखेतावर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणाला मी बायकोचा दंड घट्ट धरला होता, नंतर तिथं निळं पडलं.

"चित्र अडकलंय," बायको मला म्हणाली. "त्यांचं चित्र अडकलंय. आपण मघापासून फोटोपुढं बसलोय."

बाईंचा आवाज तुटत तुटत येत होता. "मी दोनदा विचारलं, माझं ऐकू येतंय का म्हणून. तुम्ही काही बोललाच नाहीत. मला तुम्ही दिसत होतात. नुसते बसून होतात. मला वाटलं, रागावले." मग म्हणाल्या, "तुमचे वडील असेच बसले होते."

बायकोनं विचारलं, "तुम्ही बघितलं होतं?"

"मी फाटकाच्या आतच होते. किल्ली माझ्याकडे होती, कुलूप आतूनही उघडायचं. आजोबा झोपायला गेले, मला म्हणाले, कुणी आलं तरी उघडायचं नाही, हौदातलं पाणी आपल्या बैलांना आहे. मी फळीच्या फटीतून बघत होते. एक लहान मुलगा होता, खांद्यावर कोकरू घेतलेला."

तो मी होतो. एवढी वर्षं ते कोकरू माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. बायकोलाही मी सांगितलेलं नव्हतं.

"मी वाट बघत होते," आवाज म्हणाला, "की ते काहीतरी बोलतील. पाणी मागतील. मी ठरवलं होतं, मागितलं की उघडायचं, मग आजोबा मारोत. किल्ली हातात घामानं ओली झाली होती. पण ते बोललेच नाहीत. मला वाटलं, ते नुसते टेकलेत. मग उठून गेले."

मला एकदम संताप आला. मी ओरडलो. रस्त्यावरचा सायकलवाला थांबून बघायला लागला. "मागायचं कशाला? आमच्या बापानं मागायचं कशाला? मेंढरं दिसत नव्हती का तुम्हाला?"

"दिसत होती," बाई म्हणाल्या.

मला सबब पाहिजे होती. लहान होते, भीती वाटली, आजोबा कडक होते, असं काहीतरी. सबब सांगणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं हे मला येतं. तिनं सबब सांगितली नाही. चाळीस वर्षं मी एक राग सांभाळून ठेवला होता, आणि तो कुठं टाकायचा तेच मला कळेना.

मी मग मला जे येतं तेच केलं. म्हणालो, "बरं. कुलूप तुमचं होतं हे तुम्हीच म्हणताय. मग भाव तरी कमी करा."

बायकोनं कपाळाला हात लावला.

"भाव मी सांगितला तोच," बाई म्हणाल्या. "कमी नाही. तुम्ही दीडपट देणार होतात, तेही ऐकलं मी. जास्तही नको. ते वेगळं आणि हे वेगळं."

मी पुढं काय बोलणार होतो मला आठवत नाही. बांबूवरचा निळा दिवा लाल झाला आणि बाईंचा चेहरा पडद्यावरून नाहीसा झाला. मी स्टूल ओढून चढलो आणि डोंगलला हात लावला, तर चटका बसला. चुलीतनं काढल्यासारखं तापलं होतं. लोंबकळत उन्हात राहिलं होतं ना. फुकटची वायर नसती तर लॅपटॉपलाच लागून, सावलीत राहिलं असतं. पण सावलीत रेंज नव्हती. म्हणजे दुकानदारालाही धड शिव्या देता येईनात. मी ते सोडवलं आणि तसंच गरम, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं. बायको म्हणाली, पाण्यानं बिघडंल. मी म्हणालो, बिघडू दे.

दुपारी भाचा वकील स्कूटरवर आला. मला वाटलं, भांडायला आला. त्यानं हेल्मेट काढलं, खिशातनं एक पाकीट काढलं आणि माझ्यापुढं आपटलं. आत लोखंडी किल्ली होती. वीतभर लांब, दांड्याला सुतळी.

"मावशीचा फोन आला. म्हणाली, आत्ताच्या आत्ता नेऊन दे. मी सांगितलं तिला, मावशी, इसार नाही, करार नाही, पैसे आल्याशिवाय कुणी किल्ली देतं का? ऐकत नाही. काका, तुम्ही व्यवहारातले आहात, तुम्हीच सांगा, असं कुणी करतं का?"

"नाय करत," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा माझं आणि त्याचं एकमत झालं होतं. "ने परत. पैसे दिल्यावर दे."

"मी नाही नेणार बाबा. तिनं मला शपथ घातलीय."

तो गेला. किल्ली टेबलावर पडून राहिली. मी तिला हात लावला नाही. हातात किल्ली आल्यावर कोण घासाघीस करेल? तिनं एका पाकिटात माझं तोंड बंद केलं होतं. आजतागायत मला ठरवता आलेलं नाही, की ती सगळ्यात हुशार व्यापारी होती की तिला व्यापार माहीतच नव्हता. बायकोला मी विचारलं. ती म्हणाली, "तुम्ही मागितली नव्हती. तरी दिली. तेवढंच हाय ते."

संध्याकाळी आम्ही दोघं फाटकाशी गेलो. कुलूप गंजलेलं होतं. रॉकेल घातलं, थांबलो, पुन्हा घातलं. फिरलं. आत हौदात पालापाचोळा होता. विहिरीच्या तळाशी थोडं पाणी होतं, वरून हिरवं दिसणारं. बायको आत जाऊन लिंबाखाली उभी राहिली. मी फाटकाच्या फळ्या बघत होतो. एक फट होती, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. मी खाली बसलो आणि आतून त्या फटीला डोळा लावला.

बाहेरची जागा दिसत होती. बाप बसला होता ती. इतकी जवळ, की त्यानं हळू आवाजात नुसतं 'पाणी' म्हटलं असतं तरी आत ऐकू आलं असतं.

पुढं मी बाईंनी सांगितलेल्या भावातच जागा घेतली. एक रुपया तोडला नाही. बाजारात लोक अजून विचारतात, तुम्ही आणि घासाघीस केली नाही? मी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. डोंगल बिघडलं नव्हतं. बायकोनं ते पुढं बरेच दिवस वापरलं, सावलीत रेंज येईपर्यंत जागा बदलत बदलत.

पण त्या दिवशी फटीशी बसलेलो असताना माझ्या मनात जे आलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. बाप जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. या फाटकाची किल्ली घेऊन त्याच्यापुढं जावं आणि त्याच्या हातात ठेवावी, एवढ्यासाठी तो पाहिजे होता असं मला रोज वाटायचं. त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं, की तो नाही. किल्ली दिली असती तर ती कशी मिळाली हे त्यानं विचारलं असतं. आणि मला ते सांगता आलं नसतं.